काटा मारणारं नेट

घर बघायला गेले त्या दिवशी माझं नाव-गाव विचारायच्या आधी घरमालकांनी माझ्या हातातल्या पिशवीची चौकशी केली. वाटेत मी किलोभर साखर घेतली होती.

"कुठनं घेतलीस?"

मी दुकान सांगितलं. ते आत गेले, एक जुना पितळी तराजू घेऊन आले, व्हरांड्यातल्या हुकाला अडकवला आणि माझी साखर पारड्यात ठेवून डोळे बारीक करून बघत उभे राहिले. काटा मध्यावर यायला तयार होईना.

"मारलाय," ते म्हणाले. "पिशवीचं वजन धरून दिलंय. जा, परत घेऊन जा आणि म्हणावं, साहेबांनी तोललीया."

मी शिरोळकडची. आमच्याकडे उसाच्या घरात पोरं बोलायला लागली की आई-बाबाच्या पाठोपाठ 'काटा मारला' हे शिकतात. वजनात मारलं की काटा मारला. त्यामुळे शब्दाचं नवल नव्हतं, पण चिमूटभर साखरेसाठी दुकानात परत जायची मला लाज वाटली. मी गेलेच नाही. काकांना, म्हणजे घरमालकांना, ते कसं कळलं देव जाणे, पण त्या दिवसापासून त्यांच्या लेखी मी संशयित ठरले. चोराला पाठीशी घालणारी बाई. तरीही वरची खोली त्यांनी मला दिली. बहुतेक संशयित डोळ्यांसमोर असलेला बरा, असा त्यामागे हिशेब असावा.

वजनमापे खात्यात ते निरीक्षक होते. ते खात्यातून निवृत्त झाले होते, खातं त्यांच्यातून झालं नव्हतं. गल्लीत सगळे त्यांना साहेब म्हणत, मी काका म्हणायची. गॅसची टाकी आली की ती आधी दारातल्या स्प्रिंगच्या काट्याला लटकायची आणि मगच उंबरा ओलांडायची. दूध घालायला येणाऱ्या मावशी तर दारात आल्या की आपणहून म्हणायच्या, "साहेब, पयलं तुमची दूध तपासायची नळी बुडवा, मग मी माप घालतो." देवळात प्रसादाचा पेढा हातावर पडला तरी काका तो क्षणभर तळहातावर झुलवून बघायचे. पुजाऱ्याच्या ते लक्षात आलेलं होतं आणि काका रांगेत दिसले की तो मोठा पेढा शोधायचा, असं काकू सांगायच्या.

"इश्वास ठेवायला माझी ना न्हाय," ते म्हणायचे. "पण तोलून." दुसरं त्यांचं आवडतं वाक्य होतं, "माणसाचा हात बघायचा. तोंड काय, सगळ्यांचंच ग्वाड असतंय." नोकरीत असताना ते खांद्यावर टॉवेल टाकून, शेतकरी होऊन बाजारात जायचे. पेठ वडगावच्या बाजारात मिरची तोलणाऱ्याच्या पारड्याच्या बुडाला चिंचेचा गोळा चिकटवलेला त्यांनी कसा पकडला, ही गोष्ट मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकली, की ती चिंच मला आंबट लागायची बंद झाली. पकडलं की लगेच दोन पंच गोळा करायचे आणि पंचांच्या समोर मुद्देमाल दाखवायचा, हा खात्याचा रिवाज. पंचाशिवाय पकडलेला चोर म्हणजे नुसत्या गप्पा, असं त्यांचं ठाम मत होतं.

काकूंचं सगळं याच्या उलट. त्यांना माणसाच्या हातांशी काही देणंघेणं नव्हतं, त्या तोंड बघायच्या. लेक लहान असताना काकूंना मोठा ताप आला आणि त्यात ऐकू यायचं गेलं. तेव्हापासून समोरच्याचे ओठ वाचून त्या बोलणं समजून घेत. माझ्याशी बोलताना त्या माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवायच्या आणि मग म्हणायच्या, "हां, आता सांग." स्वतः मात्र इतक्या मोठ्यानं बोलायच्या की कोपऱ्यावरच्या तालमीतली पोरं जोर मारायची थांबावीत.

मायलेकींनी या बहिरेपणातून एक सोय काढली होती. लेक आईशी बोलताना आवाजच काढायची नाही, नुसते ओठ हलवायची. काकूही मग लेकीपुरता आवाज बंद ठेवायच्या. घरात बाप शब्द न् शब्द तोलून बघणारा. कुठं गेलतीस, कुणाबरोबर, परत यायला एवढा वेळ कसा लागला. त्याच्या समोर ताटावर बसून या दोघी आरामात आपलं काय ते बोलून घ्यायच्या आणि काका भाकरी कुस्करत राहायचे. मला हे काकूंनीच सांगितलं, खो खो हसत, काका पाच हातांवर असताना.

ती लेक लग्न होऊन इंग्लंडात गेली होती. तिथली तिची जेवणाची सुट्टी म्हणजे आपल्याकडची दिवेलागण. रोज त्या वेळी काकू देवापुढं दिवा लावून, पदर सारखा करून, जेवणाच्या टेबलावर टॅब उभा करून बसायच्या. लेक ऑफिसच्या कोपऱ्यात बसून ओठ हलवायची. शेजारच्या खुर्चीवरच्या माणसालाही पत्ता लागू नये असं ते बोलणं. मेसेज लिहिण्यात अर्थ नव्हता, कारण काकूंच्या फोनवर आलेला मेसेज काका आधी वाचायचे. म्हणजे मायलेकींच्या मनातलं जाण्या-येण्याची वाट ती एवढीच.

आणि नेमकं त्याच वेळी नेट मरायचं.

भाड्यात नेट धरलेलं होतं, खाली-वर मिळून एकच जोडणी. मी घरात बसून एका कंपनीच्या ग्राहकांच्या तक्रारी सोडवायचं काम करायची. दिवसभर सगळं सुरळीत असायचं. सांज झाली की पान अर्धं उघडून थांबायचं आणि ते गोल चाक फिरत राहायचं. माझं काय, अडलं तर ग्राहकाच्या चार शिव्या खायच्या आणि कंपनीतल्या साहेबाच्या आठ. काकूंचं तसं नव्हतं. आवाज तुटला तरी ऐकणारा माणूस पुढचं-मागचं जोडून घेतो. चित्र अडकलं की काकूंची लेकच गप्प व्हायची. ओठ अर्धे उघडे, डोळे अर्धे मिटलेले, आणि काकू पुढं वाकून त्या थांबलेल्या तोंडाकडे बघत बसलेल्या. चित्र परत हललं की लेक कुठल्या कुठे पोचलेली असायची. परत परत 'काय म्हणालीस' विचारायची काकूंना लाज वाटे. पोरीची जेवणाची सुट्टी, तीही अशीच जायची. मग त्या मान हलवून मोकळ्या व्हायच्या.

काकांना हे दिसत होतं. प्रेम वगैरे शब्द त्यांच्या मापात कधी बसले नाहीत, पण काकूंचं ते पुढं वाकून बसणं त्यांना सहन व्हायचं नाही. त्यांनी आपल्या पद्धतीनं केस हातात घेतली.

"काटा मारतंय कोणतरी," त्यांनी जाहीर केलं. "सकाळी भरून माल येतोय आणि संध्याकाळी पारडं हलकं? मधी हात हाय कुणाचातरी."

पहिला आरोपी मी. भाडेकरूचा मान तो. एका संध्याकाळी ते वर आले आणि माझ्या खोलीतलं काय काय नेटवर चालतं याची झडती घेतली. भिंतीवरच्या साध्या घड्याळाकडेही त्यांनी बराच वेळ पाहिलं. माझ्याकडे काही सापडलं नाही, तर त्यांनी दिवाणाखालचा राउटरच उचलून स्वतःच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात ठेवला आणि कुलूप घातलं. पासवर्ड रोज बदलायला सुरुवात केली. नवा पासवर्ड ते जिन्यात माझ्या कानाशी येऊन सांगायचे, आणि काकूंना सांगताना ओरडून सांगायचे, म्हणजे तो समोरच्या घरापर्यंत पोचायचा. लोखंडी कपाटात गेल्यावर नेटचा जीव आणखीच घुसमटला. मी काम बुडायला लागलं तशी वैतागून नेटवाल्या मुलाला बोलावलं. केबलचा धंदा करणाऱ्याकडं कामाला असलेला तो, कोडोलीचा. कपाट बघून तो हसायला लागला.

"काका, तिजोरीत दिवा लावून उजेड बाहेर मागताय व्हय? काढा ते भाईर, उंच ठेवा, मोकळ्यावर."

राउटर फडताळावर आला. माझ्या खोलीत जरा जीव आला, काकूंचं चित्रही कमी अडकायला लागलं, पण सांजेचं दुखणं पुरतं गेलं नाही. मुलगा म्हणाला, "संध्याकाळी सगळी गल्लीच बसती हो नेटवर. थोडं मंद व्हणारच."

"मग संध्याकाळचं दूध पातळ चालंल का?" काकांनी विचारलं. मुलगा हसत चपला घालायला लागला. तो गेल्यावर काका मला म्हणाले, "हात बघितलास का त्याचा? खिशात व्हता सगळा वेळ."

संशय हा पडशासारखा असतो, एकाच्या शिंकेनं घरभर होतो. मीही हळूहळू त्या मुलाच्या खिशाचा विचार करायला लागले. मावशींचं दूध मला पातळ वाटायला लागलं. समोरच्या घरातला दिवा जरा उशिरापर्यंत चालू दिसला की माझ्याही मनात यायचं, एवढं काय बघतात ही माणसं?

समोरचं घर फळवाल्या चाचांचं. मंडईत त्यांचा गाळा होता. नोकरीत असताना काकांनी त्यांची वजनं कितीदा तपासली होती आणि दर वेळी ती बरोबर निघाली होती. दुसऱ्या कुणाचा यानं विश्वास बसला असता. काकांचा उडाला. "एवढं बरोबर असतंय व्हय कुणाचं?" ते म्हणायचे. आता चाचांच्या घरात दोन सुना, नातवंडं, मोठा टीव्ही. काकांनी मनाशी पक्कं केलं की आपलं नेट रस्ता ओलांडून तिकडं जातंय. त्यांनी एकदा भर रस्त्यात चाचांना विचारलं, "तुमच्या घरात संध्याकाळी नेट लई जोरात चालतंय म्हणं?"

चाचा गाडीवरून सफरचंदाची पेटी उतरवत होते. "चालतंय की साहेब. पैसे भरतो त्याचं," एवढंच म्हणाले आणि आत गेले. पण त्या दिवसापासून त्यांच्या घरातून काकूंना येणारी पपई यायची थांबली. मला फार वाईट वाटलं. काकूंना तर काय झालं हेच कुणी सांगितलं नाही.

पुरावा पाहिजे, म्हणून काकांनी वेग मोजायचं ते ॲप कुणाकडून तरी घालून घेतलं. बटण दाबलं की काटा वर चढतो आणि आकडा दाखवतो. काटा बघून काका हरखले. अख्खं आयुष्य काट्याशी गेलेला माणूस, त्यांना वाटलं आता आपल्या भाषेत बोलणारं कोणीतरी भेटलं. पण एकाच काट्यावर विसंबायचं नाही ही खात्याची शिकवण. म्हणून स्वतःचा फोन, काकूंचा जुना फोन, लेकीचा सोडून दिलेला फोन आणि भाच्याकडून मागून आणलेला एक, असे सगळे त्यांनी अंगणातल्या धुण्याच्या दगडावर ओळीनं मांडले. दिवेलागणीला काकू आत टॅबपुढं बसल्या की काका बाहेर त्या दगडापुढं बसायचे आणि सगळ्या फोनांवर एकदम बटण दाबायचे. काटे वर चढायला बघायचे आणि मध्येच लोळण घ्यायचे.

"बघ. बघ," ते मला वरून बोलावून दाखवायचे. "चारी काटे एकच सांगायलेत. चारी खोटं बोलतील व्हय?"

मग परत बटण. परत तेच. चोर नेमका कधी हात घालतो ते पकडायचं होतं ना. आत काकूंची लेक पहिल्याहूनही जास्त वेळ अर्धं तोंड उघडून थांबलेली असायची. हे रोज चाललं होतं, अख्खा हिवाळा.

मग काकांच्या खात्यातल्या एका जुन्या जोडीदाराच्या मुलाचं लग्न निघालं, पेठ वडगावला. काका दुपारीच गेले, चारही फोन पिशवीत घेऊन. जाताना मला बजावून गेले, घरावर लक्ष ठेव. सांजेला मी चहा घेऊन खाली उतरले, तर बोलणं संपलं होतं आणि काकू टेबलापाशी तशाच बसलेल्या. टॅब काळा झालेला. मी समोर जाऊन उभी राहिले, तेव्हा त्यांनी माझी हनुवटी धरली नाही.

"आज सगळं दिसलं बघ पोरी," त्या म्हणाल्या. काकूंचा आवाज हळू येऊ शकतो हे मला त्या दिवशी कळलं. "एकदाबी अडकलं न्हाय."

"मग बरं की काकू."

"ती वेगळी राहायलीया. नवऱ्यापासनं. थंडी पडली तवापासनं."

मी खाली बसले. काकूंनी तुकड्या-तुकड्यानं सांगितलं. लेकीचं घरात जमत नव्हतं. तिनं आईला ते सांगितलं होतं, एकदा नव्हे, कितीदा. घर सोडायच्या आधी तिनं ओठांनी विचारलं होतं, आई, करू का मी असं? चित्र थांबलेलं. काकूंना काही उमगलं नाही. इतकंच कळलं की पोरगी काहीतरी विचारतेय आणि तिचे डोळे भरलेत.

"मला वाटलं, जाड स्वेटर घेऊ का म्हणून इचारतीया. तिकडं थंडी हाय म्हणत हुती. मी म्हटलं, घे की. मला कशाला इचारतीस, घे की." काकू माझ्याकडे बघत होत्या. "आज म्हणतीया, आई, तू घे म्हणालीस, घे निर्णय म्हणालीस, म्हणून माझा धीर झाला. न्हायतर मी निघालो नसतो."

मी चहाचा कप त्यांच्यापुढं सरकवला. माझे ओठ हललेच नाहीत, म्हणून त्यांनाही काही वाचता आलं नाही.

"तिला सांगायचं न्हाय," त्या म्हणाल्या. "मला कळलं नव्हतं, हे तिला कळायला नको. एकली राहतीया. माझ्या 'हो'वर उभी हाय ती. आणि ह्यास्नी तर मुळीच नको. ती म्हणली, बाबांना मी सांगीन, माझं मी. आता मला तिच्याशी बोलायला पायजे गं. धड बोलायला पायजे. काय खाती, दाराला कडी हाय का, कोण हाय का शेजारी. इतकं दिस नुसती मान हलवली मी."

रात्री काका लग्नाहून आले. आल्या आल्या त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला, चित्र किती वेळा अडकलं. काकू कुठल्या तंद्रीत होत्या कोण जाणे, खरं सांगून बसल्या. "आज न्हाय अडकलं."

काका चप्पल काढायचे थांबले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते जिन्याच्या पायरीवर बसलेले दिसले. दाढी तशीच. मला म्हणाले, "पोरी, राखणदार गावाला गेला की चोरी वाढायला पायजे का नको?"

"वाढायला पायजे की."

"मग थांबली कशी?"

मला वाटलं आता चाचांवर नवीन काही निघणार. पण काकांचा संशय, एक कबूल करायला पाहिजे, कधी कुणाची जात-पात, नातंगोतं बघत नव्हता. तो सरळ जायचा. "काल घरात काय कमी हुतं? मी. आणि हे फोन." ते थांबले. "संशयित सोडायचा न्हाय. मग कोण का असंना."

त्यांनी मला कोडोलीच्या मुलाला फोन लावायला सांगितला आणि स्पीकर चालू करवला. मुलगा म्हणाला, "अहो काका, ते ॲप असतंयच तसं. जेवढी लाइन मिळंल तेवढी सगळी ओढून बघतंय, मगच आकडा दावतंय. चार फोनवर एकदम लावता व्हय तुम्ही? मग घरात बाकीच्यांना काय उरणार? आणि ते चौघंबी एकमेकांचं ओढणार, म्हणून तुमास्नी आकडा कमी दिसणार."

काका फोनकडे बघत राहिले. "म्हंजे माप घेतानाच माल खर्च होतोय?"

"व्हय."

"साखर तोलून कमी होती व्हय कधी?"

"साखर न्हाय हो. हे नेट हाय," मुलगा म्हणाला.

आपल्या हातानं आपलंच वर्षानुवर्षांचं घर पाडल्यासारखा चेहरा झाला त्यांचा. तोलणं हे त्यांच्या लेखी जगातलं एकमेव निर्दोष काम होतं. तोलणारा काही घेत नाही, काही देत नाही, फक्त खरं काय ते सांगतो. त्यावर त्यांनी नोकरी केली, संसार केला, पोरगी वाढवली. मला त्यांची दया आली, आणि रागही आला, कारण मला काकूंचं ठाऊक होतं आणि त्यांना नव्हतं.

तरी ऐकीव गोष्टीवर निकाल द्यायचा नाही. रीतसर पंचनामा ठरला. एक पंच मी. दुसरा पंच आणायला काका स्वतः रस्ता ओलांडून गेले. चाचांच्या दारात उभे राहून काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही, पण येताना चाचा बरोबर होते.

दिवेलागणीला मी आत काकूंच्या शेजारी, काका आणि चाचा बाहेर धुण्याच्या दगडापाशी. चित्र अडकलं की मी खिडकीतून हात वर करायचा. लेक आली. आई, आज वरची ताईपण? असं काहीतरी ओठांनी म्हणाली, आणि तेवढ्यात बाहेर बटण दाबलं गेलं. तिचे ओठ तिथंच राहिले. मी हात वर केला. थोड्या वेळानं ती परत हलायला लागली, मी हात खाली घेतला. परत बटण, परत ते थांबलेलं तोंड. बाहेर काका प्रत्येक वेळी चाचांना विचारत होते, "बघितलंसा? नीट बघितलंसा न्हवं?" आणि काकू इकडे दोन थांबण्यांच्या मधल्या उजेडात लेकीचा चेहरा जमेल तेवढा पिऊन घेत होत्या. मला तो खेळ बघवेना. शेवटी मी हात वर केला तो खाली घेतलाच नाही.

काका आत आले. "सापडला," म्हणाले. "मीच." ते मला म्हणाले की काकूंना, कळलं नाही. काकूंचं लक्ष टॅबवर होतं.

चाचा दारातच थांबले होते. काका त्यांच्याकडे वळून म्हणाले, "तुमच्यावर आळ घेतलाता मी."

"आमच्यावर कवा नव्हता साहेब?" चाचा म्हणाले. "तुमच्या भीतीनं आमच्या पोरांचं माप सरळ राहिलं, तेबी हायच की." दुसऱ्या दिवशी पपई आली. काकांनी ती हातावर झुलवली नाही. सरळ आत नेऊन दिली.

फोन गेले. भाच्याचा भाच्याला, लेकीचा ट्रंकेत. दगडावर परत धुणं पडायला लागलं. गल्लीची गर्दी म्हणून जरासं मंदावायचं तेवढंच, पण चित्र अडकायचं थांबलं. आणि काका, आता सांजेचं काही काम उरलं नाही म्हणून, प्रायश्चित्त म्हणून म्हणा, काकूंच्या शेजारी खुर्ची ओढून बसायला लागले. आपण सोडवलेल्या नेटकडे कौतुकानं बघत. "दिसतंय न्हवं? झकास दिसतंय," असं काकूंना खांदा हलवून विचारत.

लेक बापाला बघून हसायची आणि मोठ्यानं बोलायची. थंडी किती आहे, बाबा, गुडघा कसाय, भाजी कुठली मिळते. ताटावर बाप खाली मान घालून असायचा, इथं तो सरळ तिच्या तोंडाकडे बघत बसायचा, म्हणून ओठांचं बोलणं बंद. काकू मध्ये बसून हसऱ्या तोंडानं दोघांकडे बघायच्या आणि त्यांचे हात टेबलाखाली एकमेकांत अडकलेले असायचे. मी पाणी न्यायला खाली आले की मला ते दिसायचं. पोरीला विचारायचं सगळं तसंच पडून होतं. आधी नेट आडवं आलं, आता शेजारी बसलेला नवरा.

असे काही दिवस गेल्यावर काकूंनी मला स्वयंपाकघरात ओढून माझी हनुवटी धरली. "त्यास्नी सांग, नेट परत अडकायलंय. भाईर डांबावरची वायर जाऊन बघा म्हणावं."

मी हो म्हटलं. सांजेला टॅब लागला, लेक आली, आणि मी दारात उभी राहून म्हटलं, "काका, अडकतंय जरा. खांबापाशी कोण काय करत न्हाय न्हवं, बघता का?"

काकांनी टॅबकडे पाहिलं. लेक लख्ख दिसत होती, तिच्या मागच्या खिडकीतलं झाडसुद्धा. मग त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं. काही न बोलता उठले आणि खुंटीवरची टोपी घालून बाहेर गेले.

मी थोडा वेळ दारापाशीच होते. आत दोघींचे ओठ सुरू झाले होते, भराभर. काकूंनी पदर तोंडाशी धरला आणि मग लेकीला ओठ दिसत नाहीत म्हणून लगेच काढला. मी तिथून निघाले.

काका गेटपाशी उभे होते. हातात फोन होता, तो बंद होता. खांबाकडे त्यांचं लक्षही नव्हतं.

"नेट अडकत न्हाय ते," ते म्हणाले.

मी गेटची कडी नीट लावली.

"माझ्यासमोर त्या दोघी ओठानं बोलायच्या. पोरगी शाळंत जायची तवापासनं. त्यांना वाटायचं मला कळत न्हाय. मी म्हटलं बोलू देत. आता मी बसलो की भाजीचं बोलत्यात. म्हंजे कायतरी हाय."

"मग विचारा की काका."

"मी इचारलं की माणूस खोटं बोलतो," ते म्हणाले. "अख्ख्या नोकरीत एकानं खरं सांगिटलं न्हाय मला. घरात काय येगळं व्हणार?"

रस्त्यावरून चाचांचा नातू सायकल हाणत गेला. त्यानं हात केला, काकांनीही केला. मग माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "तेवढं एक सांग. आत कोण रडत तर न्हाय न्हवं?"

"न्हाय काका."

"बरं," ते म्हणाले.

खिडकी त्यांच्या पाठीमागंच होती, उघडी, दिवा लागलेली. मान वळवली असती तर दिसलं असतं. ते रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले, आतलं बोलणं संपेपर्यंत.